म्हैसूरची माहेरवाशीण

तंबू ही दिसायला गरीब, पण स्वभावाने मोठी मानी वस्तू आहे. दोन काठ्या, चार दोऱ्या आणि थोडेसे कापड एवढाच तिचा संसार. परंतु मोटरसायकलच्या मागच्या आसनावर ती आवळून बांधली, की माणसाला आपण कोणाचेच देणे लागत नाही असे वाटू लागते. रात्र कोठेही पडो, छप्पर आपले आहे. स्टोव्ह आपला, तांदूळ आपले, पाण्याची बाटली आपली. कोणाच्या दारात उभे राहून ‘जागा मिळेल का’ असे विचारायला नको आणि सकाळी उठून कोणाच्या उपकारांचे ओझे घेऊन निघायला नको. साठी ओलांडलेल्या माणसाला या स्वावलंबनाची फार ओढ असते, कारण पुढे लवकरच ते आपल्या हातून जाणार आहे हे त्याला ठाऊक असते.

मी आणि माझे एक स्नेही, भूगोलाचे निवृत्त प्राध्यापक, अशा दोघांनी जानेवारी २०२३ मध्ये कोल्हापूर ते म्हैसूर असा प्रवास दोन मोटरसायकलींवरून करायचे ठरवले, तेव्हा पहिला नियम हाच केला होता : कोणाकडेही उतरायचे नाही. वाटेवरच्या गावांत आमचे विद्यार्थी होते, परिसंवादांतून ओळख झालेले प्राध्यापक होते. त्यांतल्या कोणालाही कळवायचे नाही. उभा जन्म अध्यापनात आणि समीक्षेत गेल्यामुळे पाहुणचाराचा एक विशिष्ट प्रकार माझ्या वाट्याला पुष्कळ आला आहे. त्यात शाल असते, श्रीफळ असते, आणि त्यांच्या मोबदल्यात दीड तासाचे व्याख्यान असते. व्यवहार रोखीचा असल्याने त्याला मी पाहुणचारात धरत नाही.

माझी मोटरसायकल १९८४ सालची येझ्दी. तिच्याविषयी थोडे विस्ताराने सांगायला हवे, कारण या प्रवासात जो मान मिळाला तो बहुतांशी तिचा होता. मी केवळ तिच्याबरोबर आलेला मुऱ्हाळी. रुस्तुम आणि फारोख इराणी यांनी म्हैसूरच्या यादवगिरी भागात ‘आयडियल जावा’ हा कारखाना काढला, आणि १९६१ पासून चेकोस्लोव्हाकियाच्या परवान्याने तेथे जावा गाड्या तयार होऊ लागल्या. पुढे सत्तरच्या दशकात त्या येझ्दी या नावाने निघू लागल्या, आणि १९९६ साली कारखाना बंद पडला. अलीकडे, म्हणजे २०१८ मध्ये जावा आणि २०२२ मध्ये येझ्दी ही नावे बाजारात पुन्हा आली आहेत. पण ती गाडी निराळी. जुनीचा आवाज, तिचे दोन बाजूंचे दोन धुरांडे, टाकीला गुडघ्याशी लावलेले रबर, पेट्रोलमध्ये मापाने मिसळायचे तेल आणि तो निळसर धूर, हे सर्व ज्यांच्या तारुण्यात होते त्यांना ते समजावून सांगावे लागत नाही. तिची किकच आत दाबून पुढे वळवली की गिअरचा दांडा होते. एकाच अवयवाने जागे करणे आणि चालवणे ही दोन्ही कामे करणारे यंत्र मी दुसरे पाहिले नाही.

नावांचा नाद हा आमच्या व्यवसायाचा दोष म्हणा, पण या गाडीची नावे मला नेहमीच विचार करायला लावतात. ‘जावा’ या नावात यानेचेक हे चेक कारखानदाराचे आडनाव आणि ‘वाँडरर’ हे जर्मन कंपनीचे नाव यांची पहिली अक्षरे एकत्र आली आहेत. वाँडरर म्हणजे भटक्या. ‘येझ्दी’ म्हणजे येझ्दचा. आणि इराणातील येझ्द हे जरथुश्त्री लोकांचे जुने ठाणे. संजाणच्या किनाऱ्यावर उतरलेल्या त्यांच्या पूर्वजांपुढे राजाने दुधाने काठोकाठ भरलेला पेला ठेवला आणि त्यांनी त्यात साखर विरघळवली, ही कथा दंतकथा असेल. पण आपल्या देशात पाहुणेपणाची याहून सुंदर कथा मला ठाऊक नाही. संस्कृत ‘अतिथी’ या शब्दाची व्युत्पत्ती आपण ‘ज्याच्या येण्याला तिथी नाही तो’ अशी शिकलो. भाषाभ्यासक मात्र हा शब्द ‘अत्’ या धातूकडे नेतात, आणि अत् म्हणजे सतत फिरत राहणे. तेव्हा मुळात अतिथीही भटक्याच.

आता थोडे अप्रिय. आम्ही निघालो त्याच्या महिनाभर आधी, डिसेंबर २०२२ मध्ये, सीमाप्रश्न पुन्हा पेटला होता. बेळगावजवळ हिरेबागेवाडीच्या नाक्यावर महाराष्ट्राच्या मालमोटारींवर दगडफेक झाली. पुण्यात कर्नाटकाच्या बसगाड्यांना काळे फासण्यात आले. काही दिवस दोन्हीकडच्या बसगाड्या अडकून पडल्या. माझा जन्म गडहिंग्लज तालुक्यातला. बाजाराच्या दिवशी माझी आजी मिरच्यांचा भाव कानडीत करी आणि घरी येऊन तो मराठीत सांगे. त्यामुळे हा प्रश्न माझ्यासाठी वर्तमानपत्रातला नाही. घरच्यांनी सुचवले, की जायचेच असेल तर आगगाडीने जा. एका हितचिंतकाने तर गाडीच्या क्रमांकाची पाटी चिखलाने माखून घ्यावी, असा सल्ला दिला. तो आम्ही मानला नाही. पण बेळगाव ओलांडेपर्यंत आमच्या माना ताठ होत्या हे खरे, आणि तो ताठपणा अभिमानाचा नव्हता.

काही झाले नाही. हुबळी गेली, दावणगिरी गेली. चित्रदुर्गाच्या अलीकडे एका शाळेच्या मैदानात आम्ही तंबू ठोकले, स्वतःचा भात स्वतः शिजवला आणि नियम पाळल्याच्या समाधानात झोपलो. हिरियूरला महामार्ग सोडून हुळियार, नागमंगल असे दक्षिणेकडे उतरू लागलो, तसा मुलूख बदलला. काळ्या रानाची जागा तांबड्या मातीने घेतली, नारळ वाढले, नाचणीच्या कापणीनंतरच्या गंजी दिसू लागल्या. माझे बालपणीचे कानडीही बदलले, म्हणजे ते निरुपयोगी ठरू लागले. आमच्याकडचे कानडी ‘बर्री’ म्हणते. इकडे ‘बन्नी’ म्हणतात. मी तोंड उघडले की ऐकणाऱ्याच्या ओठांच्या कोपऱ्यात जे हसू उमटे, ते पुणेरी माणसाने वऱ्हाडी बोली ऐकल्यावर उमटणाऱ्या हसण्याचे सख्खे भावंड होते.

संक्रांतीच्या आदल्या दिवशी, १४ तारखेला दुपारी, पांडवपुराच्या अलीकडे वाऱ्यावर एक वास आला आणि आम्ही दोघांनीही एकाच वेळी गाड्यांचा वेग कमी केला. कोल्हापूरच्या माणसाला तो वास ओळखायला अर्धा क्षणही लागत नाही. कोठेतरी गुऱ्हाळ चालू होते. मंड्य जिल्हा हा उसाचा आणि गुळाचा; गुऱ्हाळाला तिकडे ‘आलेमने’ म्हणतात. रस्त्यापासून थोडे आत शाकारलेले छप्पर, बाजूला चिपाडांचा ढीग, चुलाणात जळणारी चिपाडे, काहिलीवर उठणारी पिवळी साय आणि तिच्याकडे डोळे लावून बसलेला गुळव्या. हा गुळव्या मी लहानपणी पाहिलेल्या गुळव्याचा जुळा भाऊ शोभला असता. तीच न बोलण्याची सवय आणि पाक कधी उतरवायचा हे ठरवताना तोच न्यायाधीशाचा चेहरा.

मालकांना आम्ही बांधावर दोन तंबू ठोकण्याची परवानगी विचारली. त्यांनी आधी आमच्याकडे पाहिले आणि विचारले, “ऊटा आयता?” म्हणजे जेवण झाले का? नाव नाही, गाव नाही, जात नाही. पहिला प्रश्न जेवणाचा. त्यानंतर त्यांची नजर गाड्यांकडे गेली. माझ्या स्नेह्यांच्या भारदस्त बुलेटवरून ती थांबल्याशिवाय पुढे सरकली आणि येझ्दीवर स्थिरावली. “नम्म ऊरिन गाडी!” ते म्हणाले. आमच्या गावची गाडी. म्हैसूर तेथून तीस-पस्तीस किलोमीटर. पण आपल्या गावच्या व्याख्येत एवढे अंतर सहज मावते. बुलेटचा जन्म मद्रासचा. तिला येथून पुढे कोणी विचारले नाही, आणि भूगोलाचे प्राध्यापक असूनही माझ्या स्नेह्यांना ही जन्मस्थळाची महती पचवणे जड गेले.

तंबूचा प्रश्न मात्र सुटेना. मालकांचे म्हणणे असे, की जवळ घर असताना सणाच्या रात्री परका माणूस रानात झोपला, तर गावात आम्हाला काय म्हणतील? आमचे म्हणणे असे, की आम्ही रानात झोपण्यासाठीच घरून निघालो आहोत. हा वाद दोन तुटक्या भाषांत बराच वेळ चालला. अखेर तंबू घराच्या अंगणात ठोकावेत अशी तडजोड झाली, आणि ते ठोकले जाताक्षणी घरातल्या व शेजारच्या पाच-सात मुलांनी त्यांचा ताबा घेतला. रात्री ती मुले तंबूत झोपली आणि आम्ही ओट्यावर, ज्याला तिकडे ‘जगली’ म्हणतात, चटई व घोंगडी घेऊन आडवे झालो. नियम मोडला होता, पण तो कोणी आणि केव्हा मोडला हे सांगणे अवघड होते.

त्याआधी जेवण झाले होते. नाचणीचा मुद्दा, म्हणजे उकडीचा मोठा गोळा, आणि पावट्यासारख्या ‘अवरे’च्या दाण्यांचे सारू. मुद्दा चावायचा नसतो. तुकडा मोडून, सारात बुडवून, तसाच गिळायचा असतो. माझे स्नेही चावीत बसले, तेव्हा घरातल्या वृद्ध अज्जी त्यांच्यापुढे येऊन उभ्या राहिल्या आणि लहान मुलाला शिकवावे तसे त्यांनी गळ्यावरून बोट खाली नेऊन दाखवले. ‘साकु’ म्हणजे पुरे. प्रवासात सर्वांत आधी शिकावा असा हा शब्द, आणि वाढणाऱ्या बाईपुढे सर्वांत कुचकामी. तूप वाढताना अज्जी ‘तुप्पा’ म्हणाल्या. आमच्या तुपाचे मूळ कानडीत आहे हे मी वर्गात अनेक वर्षे सांगत आलो. अडकित्ता तसाच, उप्पीट तर उघडच. पण व्युत्पत्ती कोशात वाचणे वेगळे आणि ती आपल्या पानावर वितळताना पाहणे वेगळे.

सकाळी संक्रांत. घरातल्या मुलींनी थाळ्यांतून ‘एळ्ळु-बेल्ल’ आणले. पांढरे तीळ, गुळाचे बारीक खडे, सुक्या खोबऱ्याचे तुकडे, भाजलेले शेंगदाणे आणि फुटाण्याच्या डाळ्या, सोबत उसाचे कांडे आणि साखरेच्या छोट्या बाहुल्या. हे देताना त्या जे म्हणतात त्याचा अर्थ, तीळगूळ खा आणि चांगले बोला, असा आहे. मी चकित झालो म्हणण्यापेक्षा गप्प झालो, हे अधिक खरे. माझ्या सामानात सौभाग्यवतींनी बांधून दिलेले तिळाचे लाडू होते. ते काढून मी आमचे वाक्य म्हटले आणि त्याचा अर्थ सांगितला. तीळ तोच, गूळ तोच, एवढेच नव्हे तर मागणेही तेच. फक्त त्यांच्याकडे ते सुटे होते आणि आमच्याकडे पाकात वळलेले.

याच वेळी घरातल्या महाविद्यालयात जाणाऱ्या मुलाने तो प्रश्न विचारला. त्याला इंग्रजी बरे येत होते. तो म्हणाला, तुमच्या पुण्यात आमच्या बसना काळे का फासले? मी म्हणालो, आणि बेळगावजवळ आमच्या गाड्यांवर दगड का पडले? तो म्हणाला, बेळगाव आमचे आहे. मी म्हणालो, तेथे माझी भाषा बोलणारी माणसे पिढ्यान्‌पिढ्या राहतात, आणि त्यांना काय हवे हे विचारायला नको का? त्याने उलट विचारले, की सोलापुरात आणि अक्कलकोटात कानडी बोलणाऱ्यांना कोणी विचारले? महाराष्ट्राने २००४ साली सर्वोच्च न्यायालयात दाखल केलेला दावा, १९५६ ची राज्यपुनर्रचना, महाजन आयोग, सारे त्याला माहीत होते. माझ्यापेक्षा थोडे उलट्या क्रमाने, एवढेच. वाद मिटला नाही. तो तेथे मिटावा असे मला वाटलेही नाही. परंतु एक गोष्ट मी पाहिली. बोलताना माझा ताकाचा पेला रिकामा झाला, तेव्हा तो मुलगा वाक्य अर्धे सोडून उठला, पेला भरून परत बसला, आणि मग त्याने ते वाक्य, माझ्या म्हणण्याला विरोध करणारे ते वाक्य, पुरे केले.

आपण पाहुण्याने गोड बोलावे असे मानतो आणि गोड बोलण्याचा अर्थ दुखेल ते टाळणे असा करतो. त्यामुळे आपली बहुतेक सौजन्ये पोकळ होतात. साहित्यसंमेलनांतील भाषाभगिनींच्या प्रेमाची भाषणे मी पुष्कळ ऐकली आहेत, दोन-चार केलीही आहेत. द. रा. बेंद्रे यांची मातृभाषा मराठी आणि काव्य कन्नड, हे त्या भाषणांत हमखास येते. ज्ञानेश्वरांनी विठ्ठलाला कानडा म्हटले हेही येते. ते सर्व खरे आहे. परंतु ज्याला आपण जेवू घातले आहे त्याच्याशी त्याच्या तोंडावर भांडता यावे, आणि भांडताना त्याचा पेला रिकामा राहू नये, हे त्या भाषणांत मला कधी सापडले नाही. या मुलाला ते कोणी शिकवले नव्हते. त्याच्या घरात ती रीत होती.

संध्याकाळी त्या भागातल्या प्रथेप्रमाणे गुरांना आगीवरून उडी मारायला लावण्याचा सोहळा झाला. ‘किच्चु हायिसुवुदु’ असे त्याला म्हणतात. रस्त्यात गवत पेटवायचे आणि धुतलेली, शिंगे रंगवलेली, गळ्यात माळा घातलेली जनावरे त्यावरून पळवायची. मुलांनी येझ्दीलाही उडी मारायला लावा असा आग्रह धरला. गुळव्याने दोन दिवसांत प्रथमच तोंड उघडून “पेट्रोल” एवढा एकच शब्द उच्चारला आणि तो बेत रद्द झाला. मग तिच्या दिव्याला कुंकू लावण्यात आले.

पांडवपुराविषयी माझ्या स्नेह्यांनी एक गोष्ट सांगितली. हैदर-टिपूच्या काळात तेथे फ्रेंच सैनिकांची छावणी असे, म्हणून इंग्रजांच्या नकाशांत या गावाचे नाव ‘फ्रेंच रॉक्स’ असे पडले. दुसऱ्या दिवशी निघाल्यावर मेलुकोटेचे डोंगर उजव्या हाताला मागे पडत होते आणि माझ्या मनात दुसऱ्याच छावण्या येत होत्या. मे १७९१ मध्ये परशुरामभाऊ पटवर्धन आणि हरिपंत फडके यांच्या मराठी फौजा याच भागात येऊन कॉर्नवॉलिसच्या सैन्याला मिळाल्या. श्रीरंगपट्टणावरून मागे फिरलेले ते इंग्रजी सैन्य उपाशी होते. मराठ्यांच्या छावणीतला बाजार धान्याने भरलेला होता, आणि त्या बाजाराने भुकेल्या दोस्तांना धान्य दिले ते चढ्या भावाने. त्याच वर्षी मराठी फौजेबरोबरच्या पेंढाऱ्यांनी शृंगेरीचा मठ लुटला. तेथील स्वामींनी टिपूला पत्र लिहिले आणि टिपूने मठाच्या पुनःस्थापनेसाठी साहाय्य पाठवले. शाळेतल्या इतिहासात आपण मुलूखगिरी हा शब्द छाती फुगवून वाचला. ज्यांच्या मुलुखात ती गिरी झाली त्यांच्या अंगणातून दोन वेळा जेवून निघाल्यावर तो शब्द तितक्या सहज ओठांवर येत नाही. आमच्यापूर्वी या वाटेने मराठी बोलणारी माणसे राहुट्या घेऊन आली होती, आणि ‘ऊटा आयता’ असे विचारायला त्यांच्यापुढे कोणी थांबले नसावे.

म्हैसूर. २०१४ पासून सरकारी कागदांत ते मैसूरु झाले आहे आणि ते योग्यच आहे; पण माझ्या कानाला बसलेले रूप मी येथे ठेवतो. या शहरात मी पूर्वीही आलो होतो. १९६९ साली स्थापन झालेल्या भारतीय भाषा संस्थेच्या मानसगंगोत्रीतल्या परिसरात कार्यशाळांच्या निमित्ताने राहिलो होतो, आणि राजवाडा, बाजार, चामुंडीची टेकडी हे सर्व ठरावीक क्रमाने पाहिले होते. या वेळी आम्ही थेट यादवगिरीकडे वळलो. येथेच आर. के. नारायण यांचे घर आहे आणि २०१६ पासून ते संग्रहालय म्हणून खुले आहे. कल्पनेतले गाव रचणारा लेखक आणि खऱ्या रस्त्यांसाठी गाड्या रचणारा कारखाना एकाच वस्तीत नांदावेत, हा योगायोग मला आवडतो. संग्रहालय दुसऱ्या दिवसावर ठेवले, कारण येझ्दी आचके देऊ लागली होती.

जवळच्या एका लहानशा गॅरेजमध्ये पॉइंट तपासायला दिले असता तेथल्या मुलाने हात लावण्याऐवजी कोणाला तरी बोलावून आणले. सत्तरीचे, सडपातळ, स्वच्छ पांढरी लुंगी नेसलेले गृहस्थ आले. ते १९७४ पासून कारखाना बंद होईपर्यंत तेथे इंजिन जोडण्याच्या विभागात कामाला होते. त्यांनी गाडी चालू करायला सांगितली, डोळे मिटून ऐकली, बंद करायला सांगितली. मग त्यांनी पॉइंट घासले, फट मोजली, कार्बोरेटर उतरवून स्वच्छ केला. या सगळ्यात पाऊण तास गेला आणि त्यांनी मला माझ्याविषयी एकही प्रश्न विचारला नाही. गाडी मात्र किती साली घेतली, कोणत्या रस्त्यांवर चालली, तेल कोणते घालता, मध्ये किती वर्षे उभी होती, हे सर्व त्यांनी विचारून घेतले. लेकीच्या सासरच्या माणसाशी बोलताना बाप असाच बोलतो. हे इंजिन आपल्या हाताखालून गेले असेल काय, असे मी विचारले. त्यांनी खांदे उडवले. असेल, नसेल. मग म्हणाले, आज रात्री गाडी आमच्या अंगणात राहील. आमच्याविषयी ते काही बोलले नाहीत. गाडी जेथे, तेथे आम्ही, हे त्यांनी गृहीत धरले असावे.

त्यांच्या दोन खोल्यांच्या घरात आम्ही दोन रात्री राहिलो. तंबू या वेळी बांधलेलेच राहिले. जेवताना कळले, की बावीस वर्षे मोटरसायकली जोडणाऱ्या या माणसाने स्वतःची मोटरसायकल कधी घेतली नाही. कामावर सायकलने जात. मुलांची शिक्षणे, बहिणींची लग्ने, आणि पुढे कारखाना बंद. हे त्यांनी तक्रारीच्या सुरात सांगितले नाही, आणि मीही येथे तो सूर लावणार नाही. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मी किल्ली त्यांच्यापुढे धरली आणि चामुंडीला जाऊ म्हटले. त्यांनी घरात जाऊन लुंगी बदलली, विजार घातली, केस विंचरले. मी मागे बसलो.

टेकडीच्या वळणांवर त्यांच्या पाठीमागे बसलो असता यजमान कोण आणि पाहुणा कोण याचा मला उलगडा होईना. गाडी माझी, पण घडवलेली त्यांच्या कारखान्याने. टेकडी त्यांची, पण तिच्यावर घेऊन चाललेले वाहन माझे. लॅटिनमध्ये यजमान आणि पाहुणा या दोघांसाठी एकच शब्द आहे, हे वाचले तेव्हा मला ते भाषेचे दारिद्र्य वाटण्याऐवजी कोडे वाटले होते. आणि मग ज्या ग्रंथांवर मी प्रबंध लिहिला त्यांतली एक आज्ञा आठवली. तेराव्या शतकात चक्रधरस्वामींनी आपल्या भिक्षुक अनुयायांना कानडी आणि तेलंगी मुलुखात जाऊ नका असे बजावले. केशिराजांनी संकलित केलेल्या सूत्रपाठात त्याची दोन कारणे आली आहेत : ते देश विषयांनी समृद्ध आहेत, आणि तेथे श्रमणांना मान मिळतो. अभ्यासकांनी पहिल्या कारणावर पुष्कळ लिहिले आहे. दुसरे कारण मला त्या वळणांवर नव्याने ऐकू आले. ज्याला काही नको अशा माणसाला तेथे जाऊ नये असे सांगितले, कारण तेथले लोक त्याला काही नको असलेले राहू देणार नाहीत. कन्नड मुलुखाच्या आतिथ्याला मराठीतली इतकी जुनी साक्ष दुसरी असेल असे मला वाटत नाही, आणि ती साक्ष इशाऱ्याच्या स्वरूपात असावी हे तर फारच मराठी आहे.

त्या गृहस्थांनी मोठ्या नंदीपाशी गाडी थांबवली. खाली शहरात दिवे लागत होते. ते काही तरी बोलतील अशी माझी अपेक्षा होती. बराच वेळ टाकीवर हात ठेवून ते उभे होते. मग म्हणाले, “थर्ड गिअर सुटतो आहे. परत जाताना चढावर जपा.”

निघण्याच्या सकाळी त्यांच्या पत्नीने येझ्दीची ओटी भरली. मी हे अलंकारिक अर्थाने म्हणत नाही. माहेरी आलेल्या लेकीला परत पाठवताना तिकडे ‘मडिलक्की’ देतात. तांदूळ, नारळ, विड्याची पाने, सुपारी, हळद-कुंकू. गाडीला पदर नसल्याने हे सर्व त्यांनी फडक्यात बांधून बाजूच्या अवजारांच्या पेटीत, पान्यांच्या शेजारी ठेवले, दिव्यावर कुंकू रेखले आणि हँडलवर मोगऱ्याची माळ गुंडाळली. माझे स्नेही आपल्या बुलेटजवळ उभे राहून हे पाहत होते. शेवटी त्या बाईंनाच दया आली आणि माळेचा उरलेला वीतभर तुकडा त्यांनी बुलेटच्या आरशाला बांधला. “होग् बर्तीनि,” मी म्हणालो. जाऊन येतो. आपल्याप्रमाणेच कानडीतही निरोप घेताना नुसते ‘जातो’ म्हणत नाहीत. माझा उच्चार ऐकून दोघेही हसले.

कोल्हापुरात आल्यावर ओटीचे तांदूळ सौभाग्यवतींनी निराळे काढून ठेवले आणि विचारले, की त्यांना आपण काय पाठवले? काहीच नाही, हे ऐकून त्यांनी आमच्या भागातल्या गुळाची एक ढेप बांधायला घेतली. मंड्याच्या शेजारी गूळ पाठवणे म्हणजे गंगेला पाण्याची घागर, असे माझे स्नेही म्हणाले. तरी ढेप गेली. आठवड्याने म्हैसूरहून दूरध्वनी आला. गूळ चांगला आहे, पण रंगाला आमच्यापेक्षा थोडा गडद, असे ते गृहस्थ म्हणाले, आणि लगेच त्यांनी तिसऱ्या गिअरची चौकशी केली.